घंटा नाशकात, मनोरा वसईत

मोखाड्याहून एक रस्ता त्र्यंबकेश्वरवरून नाशिकला जातो आणि दुसरा जव्हारवरून समुद्राकडे उतरतो. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर एक जंगी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे इसवी सन कोरलेलं आहे. घंटा पोर्तुगीजांची, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा आलेली, असं मानतात. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आहे, तिचीही हीच कथा. या घंटा ज्या गावच्या मनोऱ्यांतून उतरल्या, ते वसई मोखाड्याच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे मनोरा आणि घंटा यांच्या मधोमध मोखाडा आहे. पण तिथल्या किती पोरांना हे कोणी सांगितलंय?

१ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार, मोखाडा आणि वसई एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. तेही कागदावर. वसईकर जव्हारला येतो तो पावसाळ्यात, दाभोशाचा धबधबा बघायला. आणि डोंगरातल्या शाळांची सहल ठरते तेव्हा वॉटर पार्कचं नाव आधी निघतं. पाण्यात डुंबायला हरकत कोणाचीच नाही, पण जिल्ह्याच्या समुद्रकाठी चारशे-पावणेपाचशे वर्षांची चर्चं उभी असताना सहल तिकडे वळू नये, ही शुद्ध अनास्था आहे, आणि ती शिक्षकांनी मनावर घेतलं तर दूर होण्यासारखी आहे.

वसईच्या किल्ल्यात सागरी दरवाजाकडे जाताना सेंट जोसेफचं चर्च लागतं. जुन्या ग्रंथांत त्याला कॅथेड्रल म्हणतात. काटेकोर बोलायचं तर कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन जिथे असतं ते चर्च, आणि वसईला त्या काळी बिशप नव्हता. पोर्तुगीज त्याला ‘मात्रीझ’, म्हणजे गावचं मुख्य चर्च, म्हणत. बांधकाम १५४६ चं. दारावरच्या शिलालेखात १६०१ साली त्याचं नूतनीकरण झाल्याची नोंद आहे, गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या नावासह. छप्पर कधीच गेलं. दर्शनी भिंत आणि मनोरा मात्र उभा आहे, आणि वर पाहिलं की थेट आभाळ दिसतं. फ्रान्सिस्कन पंथाच्या सेंट अँथनी चर्चमध्ये वेदीवरचं दगडी छत अजून शाबूत आहे आणि पायाखाली फरशीतच पोर्तुगीज अक्षरांची थडगी आहेत. त्यांवर पाय ठेवू की नको, असं क्षणभर होतंच.

या चर्चांतली गोल कमान मुलांना दाखवावी. कारवीच्या कुडाच्या भिंतीत वाढलेल्या मुलाला दगड अधांतरी कसे राहतात हे कोडं पडणारच. दोन्ही बाजूंनी चढत गेलेले पाचरीसारखे दगड मधला कळीचा दगड बसला की एकमेकांना रेटून धरतात. पडायची ओढ हाच त्यांचा आधार होतो. युरोपात टोकदार गॉथिक कमानी येण्याआधी हजार-बाराशेच्या सुमारास अशा अर्धगोल कमानींची आणि जाड भिंतींची जी शैली होती, तिला रोमनेस्क म्हणतात. इटलीत त्रानी गावी अगदी समुद्राच्या काठावर त्या शैलीचं कॅथेड्रल आहे, १०९९ मध्ये सुरू झालेलं. वसईची चर्चं त्यानंतर चार-पाच शतकांनी झालेली, शैलीही पुढची. पण कमान तीच, आणि खारं वारं तेच. त्रानी पाहायला पासपोर्ट लागतो. वसईला विक्रमगड, वाडा, अंबाडी, वज्रेश्वरी या रस्त्याने जाता येतं.

आणि वसईच्या दगडाचा मान केवढा! जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेच्या दर्शनी भागातलं काळ्या दगडाचं कोरीवकाम ज्या पाषाणात आहे, तो वसईहून समुद्रमार्गे गेला.

जव्हारच्या मुलांनी वसईत दबून जाण्याचं तर कारणच नाही. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली तेव्हा जव्हारची मुकणे गादी जवळजवळ दोनशे वर्षांची होती; तिची सुरुवात १३४३ पासून धरतात. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले, ती जागा आजही दाखवतात. मुकणे महादेव कोळी, आणि वसई किल्ल्याला लागून पाचूबंदरला जाळी वाळवणारेही कोळीच. एक डोंगरचा, एक दर्याचा. या दोघांची गाठ पाठ्यपुस्तकात पडत नाही, ती सहलीत पडावी.

ही चर्चं परक्यांची म्हणून सोडून देणाऱ्यांनी वसईतल्या पापडीला जावं. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचं कॅथेड्रल तिथे आहे आणि प्रार्थना मराठीत चालते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. याला परकं म्हणायचं तर आपलं काय उरलं?

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तरी भिंतींच्या सांध्यांत वडा-पिंपळाची मुळं शिरलेली दिसतात. कमानीखाली नवरानवरीचे फोटो रोज निघतात; कोल्डप्लेसारख्या परदेशी बँडनेही गाण्याचं चित्रण इथे केलं. चित्रणाला ना नाही. पण प्रत्येक चर्चपुढे ते कोणाचं, कधीचं, दगड कसे रचले, हे मुलांना कळेल अशा मराठीत सविस्तर लिहिलेला फलक हवा. पडकं चर्च पडकंच राहू दे. नवा गिलावा, रंगीत दिवे यांनी त्याचं भलं होणार नाही.

एसटी शालेय सहलींना भाड्यात सवलत देते. जव्हार-मोखाड्याच्या शाळांनी आणि आश्रमशाळांनी या हिवाळ्यात एक गाडी वसईला काढावी, सकाळी लवकर. येताना वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढाव्यात, कारण वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस बोलल्याचं सांगतात. आणि पुढची सहल नाशिकची ठरवावी. नारोशंकराची घंटा रस्त्यावरूनही दिसते.