जोडणी झाली, वाहतुकीचे काय?

देशातील दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती प्रकाशतंतूंच्या जाळ्याने जोडल्या गेल्या असून त्या ‘सेवेसाठी सज्ज’ आहेत, असे भारतनेट योजनेविषयी सांगितले जाते. आकडा मोठा आहे आणि त्यामागचे कामही लहान नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, २०१५ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम संमत झाला. एवढा सार्वजनिक पैसा जेथे गुंतला आहे, तेथे ‘सज्ज’ या शब्दाचा नेमका अर्थ विचारणे हा शब्दच्छल म्हणता येणार नाही. नळ बसविला म्हणजे पाणी आले असे होत नाही.

महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. धरणे व कालवे बांधून निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्षात भिजलेली जमीन यांतील अंतरावरून २०१२ साली राज्यात मोठे वादंग माजले होते. क्षमता कागदावर वाढते, वापर मात्र शेतात मोजावा लागतो. सिंचनाच्या बाबतीत ही मोजणी कष्टाची आहे. इंटरनेटच्या बाबतीत तशी सबब सांगता येणार नाही. कारण येथे यंत्र स्वतःच आपली मोजदाद ठेवत असते.

तीन वेगळ्या नोंदी

जाळ्यातील वाहतूक वळविणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात आणि एकेक वाहिनी त्याला जेथे जोडलेली असते, त्या प्रत्येक मुखाला इंटरफेस. अशा यंत्रांची विचारपूस दूर बसून करता यावी यासाठी १९८८ साली ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ अर्थात एसएनएमपी ही पद्धत सिद्ध झाली. आजही ती जगभर वापरात आहे. तीनुसार प्रत्येक इंटरफेसविषयी अनेक नोंदी मिळतात. त्यांतील तीन प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. इंटरफेस चालू असावा की बंद, याविषयी व्यवस्थापकाने दिलेली आज्ञा ही पहिली नोंद. तो प्रत्यक्षात चालू आहे की बंद, ही दुसरी. त्यातून आजवर किती बाइट आत आले व किती बाहेर गेले, ही तिसरी.

आज्ञा आणि वस्तुस्थिती यांना एकाच रकान्यात कोंबायचे नाही, एवढा विवेक या पद्धतीच्या रचनाकारांनी दाखविला. ‘चालू ठेवा’ अशी आज्ञा असताना इंटरफेस बंद पडलेला असू शकतो. वायर तुटली असेल, पलीकडची वीज गेली असेल. तो चालू असूनही दिवसभरात त्यातून नाममात्रच बाइट गेले, असेही घडू शकते. आपल्या सरकारी अहवालांची अडचण अशी की त्यांत बहुधा पहिल्या नोंदीचा गाजावाजा होतो, दुसरीचा उल्लेख ओझरता येतो आणि तिसरी देशभराच्या एका बेरजेत विरून जाते. त्या बेरजेवरून कोणते गाव कोरडे राहिले, हे कळण्यास मार्ग नाही.

आकडा वाचण्याची रीत

तिसरी नोंद वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. हा काउंटर विजेच्या मीटरसारखा पुढे पुढेच जातो. त्याचे एकटे वाचन निरर्थक असते. दोन वाचनांतील फरकाला मधल्या वेळाने भागले म्हणजे प्रवाहाचा वेग मिळतो. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकते. जुन्या ३२ बिटांच्या काउंटरची मजल ४२९ कोटी बाइटांच्या थोडी पुढे संपते आणि तो पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेणाऱ्या वाहिनीवर पूर्ण भाराने हे चक्र ५७ मिनिटांत पुरे होते. १०० कोटी बिटांच्या वाहिनीवर अवघ्या ३४ सेकंदांत. अशी वाहिनी पाच मिनिटांच्या अंतराने वाचली, तर मधे किती चक्रे झाली हे समजतच नाही. म्हणूनच १९९० च्या दशकात ६४ बिटांचे काउंटर आले.

सरासरीचा धोका याहून मोठा आहे. उदाहरणादाखल, एखादी वाहिनी १८ तास १० टक्के आणि उरलेले ६ तास १०० टक्के भरलेली आहे असे धरले, तर तिची दैनिक सरासरी अवघी ३२.५ टक्के भरते. कागदावर दोन तृतीयांश क्षमता शिल्लक दिसते; प्रत्यक्षात ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात दाखल्यासाठी थांबलेला माणूस आणि परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी नेमके त्या सहा तासांत ताटकळत असतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ च्या ब्रॉडबँड विनियमांत ८० टक्क्यांची मर्यादा घातली, ती दैनिक सरासरीला नव्हे, गर्दीच्या वेळेतील वापराला, ती याच कारणाने. त्या विनियमांची जागा २०२४ मध्ये नव्या विनियमांनी घेतली आहे. तथापि नियामकाकडे जाणारे आकडे सेवाक्षेत्रनिहाय असतात. एखाद्या गावापुरते उत्तर त्यांतून मिळत नाही.

गुप्तता कशाची?

हे आकडे गावनिहाय प्रसिद्ध करावेत, असे म्हणताच सुरक्षिततेचा आक्षेप पुढे येईल. तो अगदीच निराधार नाही. एसएनएमपीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत संकेतशब्द उघडा प्रवास करीत असे, आणि बऱ्याच यंत्रांत तो कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा घालून दिलेला असे. २००२ साली प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळखपडताळणीची व सांकेतिकीकरणाची सोय झाली. परंतु येथे मागणी यंत्रात शिरण्याच्या वाटेची नाही, त्यातून आधीच काढलेल्या वाचनांची आहे. काउंटर बाइट मोजतो. कोणी काय वाचले वा लिहिले हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे नागरिकाच्या खासगीपणालाही बाध येत नाही.

उघडेपणाची परंपरा तर या क्षेत्रातच आहे. १९९४ साली टोबियास उटिकर हे तंत्रज्ञ जेथे काम करीत होते, तेथील अवघ्या ६४ किलोबिटांच्या एकमेव वाहिनीवर किती ताण आहे हे सर्वांना दिसावे, म्हणून त्यांनी सतत अद्ययावत होणारा आलेख सर्वांसमोर ठेवला. त्यातूनच पुढे ‘एमआरटीजी’ ही जगभर वापरली गेलेली प्रणाली जन्मली. ॲम्स्टरडॅम आणि फ्रँकफर्ट येथील मोठी इंटरनेट विनिमय केंद्रेही आपल्या एकूण वाहतुकीचे आलेख आज सर्वांना खुले ठेवतात.

सुधारित भारतनेट कार्यक्रमात गट व ग्रामपंचायत पातळीवर राउटर बसविण्याची आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. त्याच कार्यक्रमात आणखी एक साधी अट घालावी. महिनाभरात वाहिनी किती तास चालू होती, किती बाइट गेले आणि गर्दीच्या वेळी ती किती भरली होती, हे तीन आकडे दरमहा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, आणि देखभालीची देयके त्यांच्याशी पडताळूनच चुकती व्हावीत. यास फारसा नवा खर्च नाही. यंत्रे आपला हिशेब ठेवीतच आहेत. तो गावापुढे मांडण्याची तयारी शासनाने दाखवावयास हवी. तोवर ‘सज्ज’ हा शब्द शासनाच्या इच्छेची नोंद ठरेल, गावाच्या अनुभवाची नव्हे.