भिंतीला टेकलेले हात

संगीत हा केवळ कानांचा विषय होय, अशी सर्वसाधारण समजूत असते. म्हणूनच मूल कर्णबधिर असल्याचे निदान झाले, की घरातील पेटी-तबला त्याच्यापुरता मिटतो. स्कॉटलंडमधील एका शाळकरी मुलीच्या बाबतीतही असेच घडू शकले असते.

एव्हलिन ग्लेनी यांचा जन्म १९६५ साली ॲबरडीनशायरमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. आठव्या वर्षापासून त्यांची श्रवणशक्ती घटू लागली आणि बाराव्या वर्षी ती जवळजवळ नाहीशी झाली. परंतु शाळेतील तालवाद्यांचे शिक्षक रॉन फोर्ब्स यांनी त्यांचे शिक्षण थांबवले नाही. ते टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्यावर एकेक स्वर वाजवीत. विद्यार्थिनी वर्गाच्या भिंतीला तळहात टेकून उभी राही. हळूहळू तिला उमगले, की खर्जातले स्वर पायांत आणि पावलांत जाणवतात, तर वरचे स्वर चेहरा, मान व छातीवर उमटतात. श्रवण शाबूत असताना मिळालेल्या स्वरज्ञानाशी तिने या स्पर्शाची सांगड घातली.

पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने त्यांना प्रथम नकार दिला. बधिर वादकाला भवितव्य कोणते, हा संस्थेपुढील प्रश्न होता. ग्लेनी यांनी नकार मान्य केला नाही. पुन्हा परीक्षा झाली आणि प्रवेश मिळाला. १९८९ मध्ये त्यांना ग्रॅमी, तर २०१५ मध्ये पोलर संगीत पुरस्कार लाभला. मंचाच्या फळ्यांतील कंप पावलांना कळावा, म्हणून त्या बहुधा अनवाणी वाजवतात.

स्वमग्न मुलांचा प्रश्न निराळा. त्यांना ऐकू येते. कित्येकांना तर कुकरची शिट्टीही असह्य होते. अशा मुलाला मोठ्या आवाजात बसवून गाणे शिकवणे म्हणजे त्याला छळणेच. फिनलंडमध्ये विकसित झालेल्या ‘फिगरनोट्स’ या पद्धतीत रंगावरून स्वर आणि आकारावरून सप्तक ओळखतात. कागदावरील खूण आणि वाद्याच्या पट्टीवरील खूण जुळवली, की स्वर वाजतो. रोजचा क्रम एकच ठेवला आणि तो चित्रांतून आधी दाखवला, तर पुष्कळ मुले निर्धास्त होतात.

या दोन्ही उदाहरणांत मुलाला बदलण्याचा अट्टहास नाही. बदलली ती शिकवण्याची वाट. घरात असे मूल असेल, तर त्याचा तळहात वाजत्या डग्ग्याच्या कडेवर अलगद ठेवून पाहावा. हात मागे घेतला, तर आग्रह धरू नये. हात तेथेच राहिला, तर त्याचा पहिला धडा सुरू झाला, असे समजावे.