सांधा नवा, चाल मात्र जुनीच

गुडघ्याची वाटी बदलणं आता खेड्यापाड्यांतही नवलाचं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. ही शस्त्रक्रिया घराघरांत माहीत झाली ती तेव्हा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या दरांवर मर्यादा घातली आणि सुमारे दीड लाखाला पडणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. निर्णय चांगलाच होता. पण स्वस्त झाला तो सांधा. नीट चालायला शिकवण्याचा खर्च अजूनही रुग्णाच्याच माथी आहे.

टाके निघतात, वॉकर कोपऱ्यात जातो, दुखणंही थांबतं. तरीही चालताना अंग एका बाजूला झुकतं. जिना चढताना पहिलं पाऊल कायम बऱ्या पायाचंच पडतं आणि खुर्चीतून उठताना हात आधार शोधतो. एका चपलेची टाच दुसरीपेक्षा लवकर झिजते. घरचे म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’

वयाच्या नावाने हे सोडून देऊ नये. वर्षानुवर्षं दुखरा पाय वाचवत चालल्याने शरीराला तीच चाल पक्की झालेली असते आणि नवा सांधा बसवला म्हणून ती बदलत नाही. त्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारी आज्ञाच क्षीण होते. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजणी प्रसिद्ध केली: शस्त्रक्रियेनंतर साधारण महिन्याभराने या स्नायूची ताकद सरासरी ६२ टक्क्यांनी घटली होती. ती आपोआप पूर्ण भरून येत नाही; त्यासाठी व्यायाम लागतो. कुल्ह्याचे स्नायू कमजोर असतील तर पाऊल उचलताना कंबर कलते. वाकलेला पाय सरळ केल्यावर दोन पायांच्या लांबीत थोडा फरकही जाणवू शकतो. तो मोजून घ्यायला हवा. आणि सगळा भार बऱ्या पायावर पडत राहिला की पुढे त्याचाही गुडघा कुरकुरतो.

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावातून बुलढाणा किंवा मलकापूरला व्यायामासाठी जायचं म्हणजे भाडं, सोबतीला माणूस आणि त्याची बुडालेली मजुरी. एसटीची उंच पायरी, तीच तर रुग्णाला सर्वांत अवघड! आठवड्यातून दोनदा हे कोणाला झेपणार? मग दोन-चार फेऱ्यांत व्यायाम सुटतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या बांधावरून जाताना तोल गेला, तर नव्या सांध्याशेजारचं हाड मोडण्याची भीती असते.

खरं तर वाट आखलेली आहे. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाच्या आराखड्यात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटी आहेत. गुडघा बदललेल्यांनाही त्यात घ्यावं. सरकारी आरोग्य योजनेतल्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये पहिल्या सहा महिन्यांचे व्यायाम आणि चालीची तपासणी धरूनच पैसे मोजावेत. ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचा ठरलेला वार असावा. गुडघा पूर्ण सरळ होतो का, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का आणि एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, एवढं पाहायला आशा सेविकेला शिकवता येईल. सूज किंवा दुखणं वाढतंय, ताप येतोय, असं दिसलं तर तिने थेट शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडेच पाठवावं.