पहिले पुस्तक कोणते?

एरवी आमच्या घरात माझे मत कोणी विचारीत नाही. भाजी कोणती आणावी हे सौभाग्यवती ठरवते, आणि मी डॉक्टरांकडे केव्हा जावे हे चिरंजीव बंगळूरहून फोनवर ठरवतात. पण दिवाळीच्या सुटीत नात आली, की माझ्या पांडित्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळते. यंदा तर नातबाई पिशवी खाली ठेवण्याआधीच म्हणाल्या,

“आजोबा, दोनशेच्या वर पुस्तकांची एक मालिका आहे. मी सुरुवात कुठून करू?”

“आरंभापासून!” मी म्हणालो. चाळीस वर्षे कचेरीत फायली चाळल्यावर एवढे तर कोणालाही समजते.

“कुठल्या आरंभापासून?”

“एका मालिकेला आरंभ असून असून किती असणार?”

“मोजते हं,” असे म्हणून ती बोटे मोजू लागली. एका हाताची बोटे संपून दुसऱ्या हाताची सुरू झाली, तेव्हा मी आत चहा सांगितला.

मालिकेचे नाव ‘फरगॉटन रेल्म्स’. मराठीत म्हणायचे तर विस्मृत राज्ये. आमच्या कन्येचे वय तेरा. तिच्या मैत्रिणींत या प्रश्नावरून दोन पक्ष पडले होते आणि दोन्ही पक्षांनी तिला आपल्याकडे ओढले होते. अशा वेळी निर्णय देण्यासाठी वडीलधारे माणूस लागते. मी चश्मा पुसला, कागद घेतला, आणि कचेरीच्या जुन्या सवयीने प्रकरणाची टिपणी तयार करू लागलो.

टिपणी अशी झाली. एड ग्रीनवुड नावाचे एक कॅनेडियन गृहस्थ आहेत. ग्रंथालयात नोकरी केलेले. त्यांनी लहानपणी, १९६०च्या दशकात, केवळ स्वतःच्या हौसेखातर एक जग कल्पिले. त्यात नगरे, जंगले, जादूगार, देवदेवता, सगळे काही. पुढे १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ निघाला. चारसहा मंडळी टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे पात्रे होतात, आणि फासे टाकीत टाकीत सगळे मिळून एक गोष्ट पुढे नेतात. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या टीएसआर या कंपनीचा हा खेळ. या कंपनीने ग्रीनवुडसाहेबांचे जग विकत घेतले आणि १९८७ साली नकाशांसकट पेटीत घालून बाजारात आणले. त्याच साली डग्लस नाइल्स यांची ‘डार्कवॉकर ऑन मूनशे’ ही त्या जगातली पहिली कादंबरी निघाली. मग जे लेखक आले त्यांना खंडच नाही. जग एक, नकाशा एक, देव तेच. लिहिणारे हात मात्र कितीतरी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखाच प्रकार. चौक सामायिक, विहीर सामायिक, पण प्रत्येक बिऱ्हाडाची चूल निराळी.

यात गमतीही आहेत. १९८९ साली निघालेल्या एका त्रयीवर रिचर्ड ऑलिन्सन असे लेखकाचे नाव आहे. असा कोणी गृहस्थच नाही! पहिली दोन पुस्तके स्कॉट सिएन्सिन यांनी लिहिली, तिसरे ट्रॉय डेनिंग यांनी. आडनाव इंग्रजी पद्धतीने भरभर म्हटले की ‘ऑल इन वन’, म्हणजे सगळे एकात, असे ऐकू येते. २००२ ते २००५ या काळात तर सहा पुस्तकांची एकच कथा सहा लेखकांनी एकामागून एक लिहिली.

मग अशा वाड्यात शिरायचे कोणत्या दाराने? डार्कवॉकरपासून निघून वर्षावर्षाने पुढे जावे म्हटले, तर नातीचे लग्न होईपर्यंत मालिका पुरेल. त्या ऑलिन्सनच्या त्रयीने सुरुवात करणे तर अगदीच चुकीचे. तिच्यात जवळजवळ सगळे देव स्वर्गातून खाली ढकलले जातात, आणि ज्याची देवांशी ओळखच नाही त्याला त्यांच्या पडण्याचे काय वाटणार? एकच सुटे पुस्तक चाखून पाहायचे असेल, तर केट नोव्हाक आणि जेफ ग्रब यांचे १९८८चे ‘अ‍ॅझुअर बाँड्स’ बरे. एक तलवारबहाद्दर बाई जागी होते तो हातावर निळे गोंदण, आणि ते कोणी गोंदले याची तिला आठवणच नाही. नायिकेलाच काही ठाऊक नसले म्हणजे वाचकाला आपल्या अज्ञानाची लाज वाटत नाही.

पण नातीच्या मैत्रिणींचे भांडण यापैकी कशावरूनच नव्हते. ते होते ड्रिझ्टवरून.

हा ड्रिझ्ट म्हणजे काळ्या एल्फांच्या जमातीतला एक योद्धा. जमात जमिनीखालच्या नगरात राहणारी, कपटी आणि क्रूर. हा एकटा सज्जन निघाला आणि घर सोडून वर उजेडात आला. आर. ए. साल्वाटोर यांच्या १९८८च्या ‘द क्रिस्टल शार्ड’मध्ये तो पहिल्यांदा भेटतो, आणि गंमत अशी की तो नायक म्हणून योजलेलाच नव्हता. नायक होता वुल्फगार नावाचा रानटी टोळीतला पोरगा. त्याला एक जोडीदार हवा होता. संपादिकाबाई फोनवर होत्या, त्यांना लगोलग बैठकीला जायचे होते, आणि साल्वाटोर यांनी सुचेल तसे सांगून टाकले, की काळा एल्फ घालू. वरातीतल्या माणसाने घोड्यावर बसावे तसे झाले. वाचक वुल्फगारला सोडून ड्रिझ्टच्या मागे लागले, आणि १९९० साली लेखकाला ‘होमलँड’ लिहून त्याच्या जन्मापासूनची हकीकत सांगावी लागली.

आता एक पक्ष म्हणतो, जन्म आधी, म्हणून ‘होमलँड’ आधी. दुसरा म्हणतो, ‘होमलँड’ चौथे निघाले, म्हणून चौथे वाचा.

हा घोळ परदेशीच आहे असे समजू नका. महाभारताच्या आदिपर्वात पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, की कोणी भारत मनूपासून म्हणतात, कोणी आस्तिकाच्या कथेपासून, तर कोणी उपरिचर राजापासून. म्हणजे नैमिषारण्यातल्या श्रोत्यांतही पक्ष होतेच.

मी दोन्ही पुस्तके मागवली आणि भिंग घेऊन बसलो. आठ दिवसांनी निकाल दिला, तो असा. लिखाण ‘होमलँड’चे अधिक मुरलेले, आणि ते जमिनीखालचे नगर विसरता येत नाही. तरीही आधी ‘क्रिस्टल शार्ड’च वाचावे. त्यात हा माणूस बर्फात दूर उभा दिसतो, लोक त्याला पाहून दारे लावून घेतात, आणि तो घर सोडून का आला असेल हे आपल्या मनात घर करून बसते. ‘होमलँड’ हे त्याचे उत्तर. कोडे घालण्याआधी उत्तर सांगितले, तर कोडे घालणाऱ्याला तरी काय गोडी राहणार?

“ड्रिझ्ट?” सौभाग्यवती कणीक मळता मळता म्हणाली. “हे नाव मी ऐकलंय. अहो, विसरलात तुम्ही?”

वाचकहो, मी विसरलो नव्हतो. दिवाळीच्या अंकात लिहावे अशी ही गोष्ट नाही, पण ती गाळून पुढे जाणे मला जमत नाही.

चिरंजीव कॉलेजात गेले तेव्हा फोर्टात फाउंटनजवळ फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असत. तिथून तो ही पुस्तके आणी. ढिगात जे हाताला लागेल ते पहिले पुस्तक. त्याला कोणता क्रम आणि कसले पक्ष! जेवताना पुस्तक, न्हाणीघरात पुस्तक. १९९६ साली तो बारावीला होता. सहामाहीचे गुण पाहून माझे डोके फिरले, आणि तो शिकवणीला गेलेला असताना मी ती सगळी पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत घातली. किलोला चार रुपये आले. तो घरी आला, रिकाम्या फळीकडे त्याने पाहिले, आणि पाठ्यपुस्तक उघडून बसला. भांडला असता तर बरे झाले असते. बारावीला गुण उत्तम पडले. त्यानंतर मी त्याच्या हातात गोष्टीचे पुस्तक कधी पाहिले नाही.

‘होमलँड’मध्ये एक बाप आहे. तो मुलाला तलवार शिकवतो, आणि मुलगा आपल्या जमातीसारखाच निर्दय झाला असे समजून आतून जळत राहतो. मुलाचाही बापाविषयी तोच समज. दोघे समोरासमोर तलवारी उपसून उभे राहतात, तेव्हा कुठे खरे काय ते एकमेकांना कळते. ते पान मी दोनदा वाचले आणि दिवा मालवला.

सौभाग्यवती हात धुऊन आत गेली. लोखंडी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. लग्नातल्या शालूच्या घडीतून तिने एक पुस्तक काढून आणले. पाने पिवळी, कोपरे दुमडलेले, आत चिरंजीवांचे शाळकरी अक्षरातले नाव. ‘स्ट्रीम्स ऑफ सिल्व्हर’, १९८९. मालिकेतले दुसरे.

“हे तेव्हा खालच्या बिऱ्हाडातल्या मुलाकडे होतं, म्हणून वाचलं,” ती म्हणाली. “परीक्षेनंतर परत आलं. तुमची भीती, म्हणून ठेवून दिलं. मग द्यायचं राहूनच गेलं.”

नातीने ते घेतले आणि तिथेच जमिनीवर बसून वाचायला लागली.

“अगं, ते दुसरं आहे! आधी पहिलं वाच. मी एवढा निकाल दिला...”

“हे बाबांचं आहे,” ती म्हणाली.

धनत्रयोदशीला चिरंजीव आले. पुस्तक पाहून क्षणभर दारातच थांबले, पण बोलले काही नाही. रात्री जेवताना नातीचे प्रश्न सुरू झाले. मधूनच सुरुवात केल्यावर दुसरे काय होणार? हा वुल्फगार या ठेंगू ब्रूनॉरकडे कसा आला? कॅटी-ब्री माणसाची मुलगी, मग ती त्याला बाबा का म्हणते? यांची गाठ कुठे पडली?

मला उत्तरे ठाऊक होती. नुकतेच वाचले होते ना! तोंड उघडणार तोच सौभाग्यवतीने माझ्या ताटात न मागता भात वाढला, आणि मी गप्प बसलो.

“असं झालं,” चिरंजीव म्हणाले, “की तिथे बारा महिने बर्फ. दहा गावं...” आणि त्यांनी ‘क्रिस्टल शार्ड’ची अख्खी गोष्ट सांगितली. हात सुकले तरी कोणी उठले नाही. एवढ्या वर्षांत त्याला एकाही पात्राचे नाव विसरायला झाले नव्हते.

नात झोपल्यावर मी गॅलरीत गेलो. आकाशकंदिलाखाली तो उभा होता.

“ती पुस्तकं मी रद्दीत घालायला नको होती,” मी म्हणालो. एवढे वाक्य तयार व्हायला इतकी वर्षे लागली.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, तो ब्रूनॉर दुसऱ्या पुस्तकात आपलं हरवलेलं घर शोधायला निघतो. लहानपणी सोडलेलं, वाट आठवत नाही. ते सापडतं का, ते तुम्ही वाचलंत?”

“नाही. माझं पहिलं झालंय, आणि ‘होमलँड’.”

“मग सांगत नाही. वाचा.”

नरकचतुर्दशीला पहाटे नात रडकुंडीला येऊन मला उठवायला आली. अभ्यंगस्नानाची घाई असेल म्हणून मी लगबगीने उठलो, तर तक्रार निराळीच होती.

“आजोबा, माझं पुस्तक उशाशी नाही. बाबांच्या खोलीत दिवा चालू आहे, आणि ते म्हणतात, एवढा अध्याय होऊ दे!”

“होऊ दे,” मी म्हणालो. “त्यांच्यानंतर तुझा नंबर. आणि तुझ्यानंतर माझा.”