काजळीचाही रंग असतो

शाळेचे प्रदर्शन जवळ आले की घरोघरी पुठ्ठा, डिंक आणि आईची कात्री यांची पळापळ सुरू होते. यंदा आमच्या आठवीतल्या चिरंजीवांनी वाफेचे रेल्वे इंजिन करायचे ठरवले. विषय तसा घरचाच. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली, मिरजेहून, मीटरगेजवर. हा मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला.

आम्ही पडलो कारकून. आकडे हेच आमचे हत्यार. आधी प्रमाण ठरवले, विसास एक. म्हणजे एक मीटर रुंदीचा मार्ग पाच सेंटिमीटरचा झाला. मीटरगेजवर मालगाड्या ओढणाऱ्या ‘वायजी’ जातीच्या इंजिनाचे मोठे चाक चार फूट व्यासाचे. ते सहा सेंटिमीटरचे झाले. अशी चाके एकेका बाजूला चार. प्रत्येक भाग याच हिशेबाने केला तर नमुना होतो, नाहीतर खेळणे.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींनी लेथवर लाकडाची चाके कातून दिली. बॉयलरला पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यावरच्या पट्ट्यांना जाड कागद, आणि रिव्हेट म्हणून टाचणीच्या टोकाने ठेवलेले फेविकॉलचे थेंब. चाकांचे दांडे दोन्हीकडे सारखेच बसवू लागलो, तेव्हा मिस्त्रींनी हात धरला. एका बाजूचा दांडा दुसऱ्यापेक्षा पाव फेरा पुढे हवा. एकीकडचा दट्ट्या टोकाला जाऊन अडला, तर दुसरीकडचा मधोमध असतो आणि चाक फिरवतो.

मग रंग. चिरंजीवांनी चकचकीत काळा ऑइलपेंट मारला, वर सोनेरी रेघा. आम्हीही खूष! त्याच संध्याकाळी आमचे थोरले मामा आले. मिरज शेडला ते मीटरगेजच्या इंजिनावर फायरमन होते. चष्मा सारखा करून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “पोरा, ह्ये इंजिन कधी शेडच्या भायर पडलंय का न्हाई?”

दुसऱ्या दिवशी सगळे पॉलिश पेपरने घासले आणि मामा सांगतील तसे पुन्हा रंगवले. आधी राखाडी प्रायमर. त्यावर बिनचमकीचा काळा, पण सगळीकडे सारखा नाही. धुराड्याखालचा भाग आगीने करपलेला, म्हणून राखाडीकडे झुकणारा. पाणी सांडून वाळते तिथे क्षाराचे पांढरे ओघळ. ब्रेकच्या सळ्यांवर गंज. त्यासाठी ब्रशवरचा तांबडा-तपकिरी रंग फडक्याला पुसून उरलेला नुसता फिरवायचा. दांड्यांवर मात्र तेलाची चमक. टेंडरमध्ये खऱ्या कोळशाचा चुरा. फायरमन उभा राहतो तिथला पत्रा फावडे घासून घासून उजळलेला असतो, तो चंदेरी केला.

इंजिन जिवंत झाले. मामांनी विचारले, “आन मानसं कुटं हायत?”

आम्ही निरुत्तर. खरे सांगायचे तर लहानपणी मामा ड्यूटीवरून परस्पर घरी आले की त्यांच्या काळ्या कपड्यांची आम्हाला लाज वाटे. शाळासोबती असला तर आम्ही मागच्या दाराने निघून जात असू. त्याच काजळीची एकेक छटा आता आम्ही त्यांना विचारत होतो.

१९३८ साली मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी सांगितले होते की अस्पृश्य कामगाराचे आयुष्य गँगमनमध्येच संपते. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला राबवतो. रूळ ज्यांनी सांभाळले त्यांना शिडीची पहिली पायरीही नव्हती.

मग चिरंजीवांनी तारेवर माती थापून तीन माणसे केली. ड्रायव्हर, फावडेवाला फायरमन आणि रुळाकडेला हातोडा घेतलेला गँगमन. गँगमनचा शर्ट मामांनी स्वतः रंगवला. हात थरथरत होता, पण रेघ सुटली नाही.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना ते जरूर दाखवा. पण त्याआधी आपल्या घरातल्या, आळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या कामगारापाशी त्यांना बसवा. प्रदर्शनात आमच्या इंजिनाला बक्षीस मिळाले नाही. कार्डावर मात्र चिरंजीवांनी लिहिले होते : ‘मार्गदर्शन – माझे आजोबा, फायरमन.’ ते कार्ड मामांनी मागून नेले आणि खिशातल्या पासाच्या पाकिटात ठेवले.