वादळ न आलेल्या दिवशी

बँकेच्या नोकरीत माझ्या वाट्याला कोकणातले एक मासेमारी बंदर आले होते. शाखेची खिडकी जेटीकडे उघडत असे आणि आमचे निम्मे कर्जदार बोटींचे मालक होते. बोटीला कर्ज देताना आम्ही नोंदणी पाहायचो, इंजिन पाहायचो, विम्याची पावती पाहायचो. पण लाखो रुपयांचे ते तारण ज्याच्या हाती आठ-आठ दिवस किनाऱ्यापासून दूर असायचे, त्या तांडेलासाठी आमच्या छापील अर्जात एक ओळही नव्हती. मलाही ती उणीव कधी जाणवली नाही. जाणवली ती एका मालकाला चुकीचा सल्ला देऊन बसल्यानंतर.

पूर्वी बहुतेक नाखवे स्वतःच सुकाणूवर उभे राहत. यांत्रिक बोटी आल्या, कर्जे आली आणि अनेक मालक किनाऱ्यावर थांबू लागले. बोट तांडेलाच्या आणि त्याने जमवलेल्या खलाशांच्या हवाली झाली. पद्धती बंदरागणिक वेगळ्या. कुठे पगार, कुठे वाटा, कुठे दोन्ही. हंगामाआधी उचल द्यायची, फेरीचे डिझेल, बर्फ, किराणा भरायचा आणि मासळी विकल्यावर खर्च वजा जाता हिशेब करायचा. म्हणजे बोट रिकामी परतली, तर खर्चाचा खड्डा मालकाला पडतो आणि वाट्यावर जाणाऱ्या तांडेलाचे घरही कोरडे राहते. परत फिरणे कोणालाच फुकटात पडत नाही.

२००९ साली गणपती होऊन गेल्यावर आमच्या एका कर्जदाराची बोट दुसऱ्याच दिवशी परत आली. बर्फ तसाच होता. साठीकडे झुकलेल्या तांडेलाला पाण्याची चाल आवडली नव्हती. पुढचे चार दिवस लख्ख ऊन पडले. इतर बोटी कोळंबीने भरून आल्या. मालक हप्त्याला मुदत मागायला माझ्यासमोर बसला, तेव्हा मी त्याला म्हणालो, “तांडेल म्हातारा झाला तुमचा. बदला त्याला.” तो वयाने माझ्याहून लहान. मान खाली घालून म्हणाला, “साहेब, बोट माझी खरी. पण जेटी सोडली की ती काकांची.” दुसऱ्या दिवशी त्याने बायकोच्या पाटल्या आमच्याकडेच तारण ठेवल्या आणि हप्ता भरला. मला तो भाबडा वाटला.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ‘फयान’ आले. कोकण किनाऱ्यावर अनेक बोटी बुडाल्या, अनेक घरांतली माणसे परतली नाहीत. ही बोट मात्र आदल्या रात्रीच खाडीत शिरली होती. वायरलेसवर निरोप मिळताच काकांनी जाळे ओढून घेतले आणि तोंड वळवले. जे गेले त्यांच्या मालकांचे काही चुकले, असे मी म्हणत नाही. त्या वादळाने विचाराला वेळच थोडा दिला. पण पुढे एकदा मी काकांना विचारले, “सप्टेंबरात मालकाने शिव्या घातल्या असत्या तर?” त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, “तर आणखी एकदा जाळं मारून बघितलं असतं.”

हे उत्तर मला आजही झोपू देत नाही. कारण त्या शिव्या घालायचा सल्ला माझा होता.

विश्वासाविषयी आपण बोलतो ते बहुधा वादळानंतर. तांडेलाने बोट वाचवली की मालक त्याला शाल देतो, जेटीवर नारळ फुटतो. त्याला काही पडत नाही. खरी परीक्षा असते ती वादळ न आलेल्या दिवशी. माणूस भिऊन परत आला, ऊन पडले, शेजाऱ्याची बोट भरून आली आणि त्याचे बिल मालकाच्या हातात आहे, त्या दिवशी मालक काय बोलतो, यावर पुढच्या वादळात सुकाणू केव्हा फिरेल हे ठरते.

मोठ्या जहाजांसाठी ही गोष्ट कायद्यात लिहिलेली आहे. ‘टायटॅनिक’ १९१२ साली बुडाल्यावर १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘सोलास’ म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या आजच्या रूपात स्पष्ट नियम आहे की, जीविताच्या सुरक्षेसाठी कप्तानाला जो निर्णय आवश्यक वाटेल, तो घेण्यापासून मालकाने किंवा कंपनीने त्याला रोखता कामा नये. तरीही १७ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळात, मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ हा तराफा २६१ माणसांसह बुडाला आणि साठांहून अधिक जीव गेले. थांबायचे कोणी ठरवले, यावर नंतर आरोप-प्रत्यारोप झाले. निर्णय कोणाचा, हे कायदा सांगू शकतो. तो घेताना माणसाच्या कानात कोणाचा आवाज घुमत असतो, त्यावर कायद्याचा इलाज नाही.

आता तर तो आवाज सुकाणूपर्यंत पोहोचण्याच्या वाटाही वाढल्या आहेत. बोटींवर जीपीएस आले, अलीकडे ट्रान्सपॉन्डर बसवले जात आहेत. संकटात ही साधने जीव वाचवतील, त्यांचे स्वागतच आहे. पण बोट कुठे आहे हे कळणे वेगळे आणि तिने कुठे असावे हे किनाऱ्यावरून ठरवणे वेगळे. हा फरक मालकांनी पाळला पाहिजे.

माझे मागणे मोठे नाही. हंगामाची उचल देताना मालकाने चार माणसांदेखत सांगावे, “भीती वाटली तर परत या, कारण विचारणार नाही.” आणि अशा अर्धवट फेरीचे डिझेल आपल्या खाती टाकावे, वाट्यातून कापू नये. शब्दाला पैशाचा टेकू नसेल तर खलाशी त्यावर विसंबत नाही. बँकांनीही हप्ते बांधताना एखाद-दुसरी रिकामी फेरी गृहीत धरावी. सुकाणूवर आमचाही एक अदृश्य हात असतो.

जेटीवर बोट लागली की मालक वरूनच ओरडतात, “किती मिळालं?” आमचा तो कर्जदार आधी विचारायचा, “काका, सगळे बरे आहेत ना?” मासळीचा आकडा त्यानंतर. शाखेच्या खिडकीतून मी ते वर्षभर ऐकत होतो. त्याचा अर्थ मात्र मला नोव्हेंबरात कळला.