समजून घ्या : धुळे रस्त्याने घडवले, जळगाव रेल्वेने; मग चाळीसगावकराची फेरी लांबची का?

चाळीसगावहून धुळे साधारण ५५ किलोमीटर. जळगाव ९० किलोमीटरच्या पुढे. तरीही जिल्हाधिकारी कार्यालयात काम असेल तर चाळीसगावकराला जळगावच गाठावे लागते. कारण ११९ वर्षांहून जुने आहे.

धुळे मुख्यालय कसे झाले?
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला. तेव्हाचे अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी मुख्यालयासाठी पांझरेकाठचे धुळे निवडले. गाव प्रांताच्या मध्यावर होते आणि सुरत-बऱ्हाणपूर व्यापाराच्या वाटेवर होते. जुन्या धुळ्याशेजारी नवे गाव आखले गेले. तिथल्या सरळ गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात.

मग जळगाव पुढे कसे आले?
१८६० च्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळकडे गेली ती जळगाववरून. धुळे बाजूला राहिले. त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव कापसाची मोठी पेठ झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, व्यापाऱ्यांना फटका बसला. पण रुळ राहिले आणि बाजारही राहिला.

१९०० मध्ये सुरतेहून येणारा ताप्ती खोऱ्याचा मार्गही जळगावलाच मिळाला. तो नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर असा गेला; धुळे शहर पुन्हा सुटले. धुळ्याला त्याच वर्षी चाळीसगावहून फाटा मिळाला, पण तो धुळ्यातच संपतो.

वाटणी कधी झाली?
- १९०६ : खान्देशाचे दोन जिल्हे झाले. पूर्व खान्देशाचे मुख्यालय जळगाव, पश्चिमचे धुळे. चाळीसगाव पूर्वेत गेले.
- १९६० : महाराष्ट्र स्थापनेनंतर जिल्ह्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली.
- १ जुलै १९९८ : धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तोवर सातपुड्यातल्या धडगावच्या माणसाला आधी नंदुरबार आणि मग पुढे धुळे गाठावे लागे.

आज जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत, धुळ्यात फक्त ४. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४.६० लाख, तर धुळ्याची ३.७५ लाख होती.

आता काय बदलू शकते?
सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये, उद्दिष्ट २०२८-२९. हा मार्ग धुळ्यावरून जातो. तो झाला, तर धुळे पहिल्यांदाच थेट उत्तर-दक्षिण रेल्वेमार्गावर येईल. ज्या शहराला रस्त्याने मोठे केले, त्याला दीडशे वर्षांनी रुळांची साथ मिळेल.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?
रेल्वे आली म्हणून जिल्ह्याची हद्द आपोआप हलत नाही. भुसावळ जिल्ह्याची मागणीही अधूनमधून डोके वर काढते. अमेरिकेतल्या एकट्या जॉर्जिया राज्यात १५९ कौंटी आहेत, म्हणजे तितकीच मुख्यालये. पण मुख्यालये वाढवली की इमारती, अधिकारी आणि खर्चही वाढतो. त्यामुळे नव्या जिल्ह्याची चर्चा निघेल तेव्हा नावाआधी एक गोष्ट विचारा : शेवटच्या गावातला माणूस सकाळी निघून, काम उरकून, संध्याकाळी घरी पोहोचतो का?